भुताच्याच सिनेमांत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वेंगुर्ल्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा हेच विचारते, "इतकी वर्षं भुताच्याच सिनेमांत काम का केलंत? चांगलं काही मिळालं नाही का?"

मला ते चांगलंच वाटायचं. आजही वाटतं.

माझे मामा दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. जत्रेच्या रात्री देवळामागे आरशाचा तुकडा पेटाऱ्याला टेकवून स्वतःचं तोंड स्वतःच रंगवायचे. कथानक ठरलेलं, पण बोलणं रंगमंचावर सुचेल तसं. मी मुंबईला निघाले तेव्हा त्यांनी एकच सांगितलं, "बोंब गळ्यातसून मारू नको, पोटातसून काढ. गळो उद्याक लागतलो."

त्यावर माझं पोट चाललं. १९७२च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून रामसे बंधूंनी या सिनेमांची वाट पाडली होती. सात भाऊ, कोणी दिग्दर्शन बघायचा, कोणी कॅमेरा, कोणी आवाज, कोणी संकलन. मी त्यांच्याकडे काम केलं नाही, पण माझे निर्माते त्याच वाटेनं जायचे: जुना वाडा भाड्यानं घ्यायचा, युनिटनं तिथंच राहायचं, तिथंच शूटिंग उरकायचं.

किनाऱ्यावरच्या एका पडक्या वाड्यातली रात्र अजून अंगावर आहे. तोंडावर लेटेक्सचा रबरी मुखवटा, खाऱ्या दमट हवेत घामानं त्याची कड सुटतेय, मेकअपदादा गम लावून ती पुन्हा दाबतायत. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि खायचा रंग, त्यामुळे मुंग्या केसांत शिरलेल्या. हलायचं नाही. पस्तीस एमएमचं ४०० फुटांचं रीळ साडेचार मिनिटांत संपतं आणि कच्ची फिल्म महाग, म्हणून किंकाळी पहिल्याच टेकमध्ये जमायला हवी. जमली. पण आवाज नंतर डब व्हायचा. दीड महिन्यानं मुंबईत, एसीच्या गार खोलीत, आपल्याच ओठांकडे बघत तीच किंकाळी पुन्हा मारायची. मामांचं म्हणणं मला तिथं खरं कळलं.

त्या सिनेमाचा शेवटचा हप्ता निर्मात्यानं बुडवला. दुसऱ्या एकानं कारण नसताना आंघोळीचा सीन घुसवला. मी नाही म्हटलं, तर भूमिका गेली. याचा राग आहे आणि तो राहणार.

तरी सोडलं नाही. बाकीच्या सिनेमांत मला मिळायची ती हिरोची बहीण: चहा आणायचा, रडायचं, लग्न होऊन निघून जायचं. भुताच्या सिनेमात सगळी गोष्ट माझ्याभोवती फिरायची. कोकणात आपण लहानपणापासून हडळ, अळवंत ऐकत आलो. कोण असतात त्या? बाळंतपणात मेलेल्या, नाहीतर छळून मारलेल्या बायका. जिवंतपणी ज्यांचं कोणी ऐकलं नाही, त्या मेल्यावर हिशेब मागायला येतात. मी पडद्यावर भीती दाखवायला उभी राहिलेच नाही, तो हिशेब मागायला उभी राहायचे.

मागे कुडाळच्या एसटीत एका म्हातारीनं मला ओळखलं. बराच वेळ काही बोलली नाही. उतरायच्या आधी माझा हात धरला. "माझी भयण बाळंतपणात गेली. लोक म्हणीत, चिंचेर बसली हा. तू पिक्चरात परत इलंस ना, तेव्हा माका बरा वाटला."