नळाच्या पाण्यामागे, ड्रिगार्न वाउरवर

बर्मिंगहॅममध्ये आमच्या नळाला येणारं पाणी वेल्सच्या एलान खोऱ्यातलं. ११८ किलोमीटर लांबून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर येतं. एवढ्या अंतरात उतार जेमतेम ५२ मीटर, म्हणून पोचायला दीड दिवस लागतो. हे कळल्यापासून ते पाणी जिथे पडतं तो डोंगर, ड्रिगार्न वाउर, बघायचाच होता.

क्लेरवेन धरणाच्या खालच्या अंगाला रिउनांट ओढ्याच्या काठाने निघालो. जुन्या खाणीच्या पडक्या भिंतींपर्यंत वाट आहे. पुढे काही नाही. ६४५ मीटर उंचीचं सह्याद्रीत हिंडलेल्याला दडपण येत नाही, पण आपल्याकडे निदान ढोरवाट तरी सापडते. इथे मेंढ्यांची वाट दहा पावलांत गवतात विरते. ते गवत म्हणजे गुडघ्याएवढे ठोंब. ठोंबावर पाय दिला की तो कलंडतो, दोन ठोंबांच्या मधे दिला की काळ्या चिखलात रुततो. वर धुकं. होकायंत्र बघायचं, चालायचं, पुन्हा बघायचं.

एका खळग्यात थांबून मूठभर शेवाळ पिळलं. चहासारखं तांबूस पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मूठ सोडली तर शेवाळ हळूहळू पुन्हा फुगलं. स्फॅग्नम म्हणतात त्याला. मेल्यावरही धड कुजत नाही, थरावर थर साचून त्याचंच पीट, म्हणजे दलदलीतली काळी माती, होतं. मी हजारो वर्षांच्या शेवाळावर उभा होतो.

हे पाणी मिळावं म्हणून १८९२ च्या कायद्याने बर्मिंगहॅमला सगळं पाणलोट क्षेत्र घेता आलं. खोऱ्यातले शंभरेक लोक उठले. घरं, शाळा, चर्च पाण्यात गेलं. भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना. माझ्या पणजीचं गाव मुळशी धरणात गेलेलं. त्यामुळे घरातल्या त्या पेल्याकडे मला नुसतं पाणी म्हणून बघता येत नाही.

माथ्यावर मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यांसारख्या घुमटाकार, दगड रचून केलेल्या दोन राशी आहेत. धुक्यातून आधी दिसले ते एकीच्या टोकावरचे गारगोटीचे पांढरे दगड. धुकं उठलं, तेव्हा चहूकडे पिवळसर गवत, एकही घर नाही. दुभंगलेल्या शेपटीची तांबूस घार खालून तरंगत गेली. ब्रिटनमधून ही घार जवळजवळ संपली होती, तेव्हा जी थोडी जोडपी उरली ती याच मध्य वेल्समध्ये.

उतरताना वाट शोधलीच नाही. उत्तरेच्या उतारावर गवताखालून करंगळीएवढी धार वाहत होती. ओढ्याला मिळेपर्यंत तिच्याच कडेने चालत राहिलो.