लोक फायदा घेत नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी या प्रश्नावर मी दोन वाक्यं बोलून विषय बदलते. वसईहून फोनवर मावशी हेच विचारते, इथल्या मराठी मंडळात पंगतीला शेजारी बसलेलं कोणीतरी हेच विचारतं. शनिवारी मी ज्या घरात गरजूंसाठी रांधायला जाते तिथे येणाऱ्याला नाव विचारत नाहीत, कागद मागत नाहीत. मग लोक फायदा घेत नाहीत का?

घेतात. सॉक्सच्या खोक्यातून एकाऐवजी चार जोड उचलतात. कॉफीत पाच-पाच चमचे साखर घालतात आणि जाताना साखरेच्या पुड्या खिशात टाकतात. आंघोळीच्या यादीत मित्राच्या नावाने दुसरा नंबर लावतात. हे सगळं आम्हाला दिसतं.

आमचं घर कॅथलिक वर्कर चळवळीतलं आहे. अमेरिकेतल्या एका मध्यम शहरातलं जुनं लाकडी दुमजली घर. वरच्या मजल्यावर काही पाहुणे राहतात. हो, त्यांना पाहुणेच म्हणतात. 'लाभार्थी' हा शब्द तिथे कधी ऐकला नाही. त्यांच्याबरोबर घर चालवणारी तीन-चार माणसंही तिथेच राहतात, बिनपगारी. मावशीला वाटतं हे सिस्टरांचं कॉन्व्हेंट असणार. तसं नाही. ही सगळी तुमच्याआमच्यासारखी प्रापंचिक माणसं. कोणी व्रत घेतलेलं नाही, कोणी बिशपांची परवानगी काढलेली नाही. १९५१ साली न्यूयॉर्कच्या धर्मप्रांताने नावातला 'कॅथलिक' हा शब्द काढा असं सुचवलं होतं, तेव्हा चळवळीच्या संस्थापक डोरोथी डे यांनी नम्रपणे नकार दिला. त्याच चर्चने २००० साली त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया सुरू केली.

डोरोथी डे मूळच्या पत्रकार, डाव्या वर्तुळात वावरलेल्या. मुलगी झाल्यावर, १९२७ साली, कॅथलिक झाल्या. त्यांना पीटर मॉरिन भेटले. फ्रान्समधल्या शेतकरी कुटुंबातला हा माणूस अमेरिकेत पडेल ती मजुरी करत फिरलेला, वाचन अफाट. प्रत्येक धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) परक्यांसाठी एक घर हवं आणि प्रत्येक घरात ख्रिस्तासाठी एक खोली हवी, हा त्यांचा ध्यास. १ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये दोघांच्या 'कॅथलिक वर्कर' या पत्राचा पहिला अंक विकला गेला. किंमत एक सेंट, आजही तेवढीच. महामंदीचे दिवस होते. पाहुणचाराच्या घरांबद्दलचे लेख वाचून माणसं थेट दारात येऊन उभी राहू लागली, तेव्हा भाड्याने खोल्या घेणं भागच पडलं.

तुमचा प्रश्न डोरोथींना आयुष्यभर विचारला गेला. त्यांची एक गोष्ट चळवळीत सगळे सांगतात. एका बाईने त्यांना हिऱ्याची अंगठी दान दिली. त्यांनी ती रोज जेवायला येणाऱ्या एका कटकट्या म्हाताऱ्या बाईला देऊन टाकली. विकली असती तर तिचं भाडं तरी भरता आलं असतं, असं कोणी म्हणालं. त्यावर डोरोथींचं म्हणणं असं की विकायची की बोटात घालायची हे ती ठरवेल, हिरे काय देवाने फक्त श्रीमंतांसाठी केलेत? मला हे पटायला वेळ लागला. आता पूर्ण पटतं.

वसईत आमची आजी हाताने सढळ होती. वाडीत कामाला येणाऱ्या माणसांना ती पोटभर वाढायची, पण ओट्यावर, वेगळ्या ताटल्यांत. त्या ताटल्या मोरीबाहेर वेगळ्या धुतल्या जायच्या. मी ते रोज पाहिलं आणि मला त्यात काही खटकलं नाही. इथे पहिल्या शनिवारी सूप वाढून झाल्यावर मी सवयीने स्वयंपाकघरात उभी राहिले. घर सांभाळणाऱ्या बाईंनी माझ्या हातात वाडगा दिला आणि दोन पाहुण्यांच्या मधली खुर्ची दाखवली. शेजारच्या माणसाने माझ्याकडे मीठ सरकवलं. आजीची मला फार आठवण आली. तिला मी वाईट म्हणणार नाही, पण ओटा आणि टेबल यांत किती अंतर असतं ते त्या दिवशी कळलं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. कॅथलिक वर्करची माणसं युद्धालाही विरोध करतात. तो का, जेवणावळीशी त्याचा काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण दारात आलेल्याची लायकी तपासायची नाही हे एकदा मान्य केलं, की सीमेपलीकडच्या माणसाला वेगळा नियम कसा लावणार? बायबलमध्ये, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, मी भुकेला होतो, मी परका होतो. युद्ध नेमकं उलटं करतं. पिकं जाळतं, घरं पाडतं, माणसाला परकं करतं. स्पेनच्या यादवीत बहुतेक कॅथलिक बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूने उभे असताना डोरोथींनी कोणाचीच बाजू घेतली नाही. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिका युद्धात उतरली, तरीही त्या युद्धविरोधापासून मागे हटल्या नाहीत. पत्राचा खप कोसळला, घरं बंद पडली, चळवळीतलेच तरुण दुरावले. १९५५ मध्ये अणुहल्ल्यापासून बचावाच्या सरावाचा भोंगा झाल्यावर आसऱ्याला जाणं सक्तीचं होतं, तेव्हा त्या साथीदारांसह न्यूयॉर्कच्या सिटी हॉल पार्कमध्ये बसून राहिल्या आणि त्यांना अटक झाली. पुढेही दरवर्षी बसल्या. १९५७ मध्ये तीस दिवसांची कैद झाली. बसणारे शेकड्यांनी वाढले आणि १९६१ नंतर तो सराव बंद झाला. साठीच्या बाईची ती तुरुंगवारी मला हिऱ्याच्या अंगठीपासून वेगळी काढताच येत नाही.

आता माझ्याबद्दल. दोन हिवाळ्यांपूर्वी निळ्या लोकरी टोपीचा एक माणूस तिसऱ्यांदा सूप घ्यायला आला. जॅकेटच्या आत त्याने प्लॅस्टिकचा डबा धरला होता. मागे रांग होती, टोप तळाला आला होता. मी विचारलं, "हे कोणासाठी?" आवाज चढवला नव्हता. पण तुम्ही मला विचारता तोच प्रश्न मी त्याला विचारला होता. तो काही बोलला नाही. डबा काढून टेबलावर ठेवला, झाकण नीट लावलं आणि निघून गेला. त्या दिवशी शेवटी सूप उरलं. दोन वाडगे तरी असेल.

तेव्हापासून मी टोपाशेजारी रिकामे डबे मांडून ठेवते. कोणी एक भरून नेतं, कोणी तीन. त्याचा डबा धुऊन फळीवर ठेवलाय. तो अजून आलेला नाही.