एलएम ३८८६ चा अ‍ॅम्प्लिफायर: वर्गणीत काय मागवावं आणि स्पीकर जोडण्याआधी काय मोजावं

वीस-पंचवीस जण मिळून एलएम ३८८६ या अ‍ॅम्प्लिफायर चिपसाठी पीसीबी (सुटे भाग जोडायचे छापील बोर्ड) मागवायचं ठरलं की कुणीतरी विचारतंच, “मग ट्रान्सफॉर्मरपण एकत्रच घेऊ या का?” घेऊ नका. बोर्ड, चिप आणि बारीक रेझिस्टर वर्गणीत मागवा. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि डबा ज्याचा त्याने बघावा. बोर्ड सगळ्यांना सारखाच लागतो, ट्रान्सफॉर्मर मात्र घरातल्या स्पीकरवरून ठरतो.

स्पीकर ८ ओहमचे असतील तर २२-०-२२ चा (मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना २२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर बरोबर बसतो. रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी झाल्यावर) अधिक-उणे ३० व्होल्टच्या दोन वाहिन्या, म्हणजे रेल, मिळतात आणि चॅनेलमागे ४० वॅटच्या आसपास निघतात. त्याच ३० व्होल्टवर ४ ओहमचे स्पीकर लावले की चिपमध्ये उष्णता होऊन जाणारी शक्ती जास्तीत जास्त २६ वॅटवरून थेट ४९ वर जाते. मग चिपचं आतलं संरक्षण मधेच हात घालतं आणि जोराच्या ठेक्यावर ‘टर्रर्र’ असा फाटका आवाज येतो. लोक स्पीकर बिघडला समजतात. ४ ओहमला १८-०-१८ घ्या. वॅट थोडे कमी पडतील, कानाला कळणार नाही.

दोन चॅनेलला ३०० व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर पुष्कळ झाला. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हवा तो व्होल्टेज सांगून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो. अडीच-तीन किलोचा टोरॉइड (कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर) कुरियरने गावोगाव पाठवण्यापेक्षा हे कधीही बरं.

आता बोर्ड. सगळ्यांचे पैसे गोळा करून ऑर्डर टाकण्याआधी पाच नगांचा नमुना मागवा आणि त्यातला एक पूर्ण जोडून वाजवून बघा. चुका ठरलेल्या जागी होतात. उणे रेलवरच्या कंडेन्सरचं अधिक टोक ग्राउंडकडे असतं, आणि छपाईत ‘+’ ची खूण नेमकी तिथेच उलटी पडते. पंचवीस जणांनी ती खूण बघून कंडेन्सर लावले, तर पंचवीस घरांत फटाके. दुसरी चूक म्हणजे भोकांचं माप. चिपचे दोन ओळींतले ११ पाय कागदावर नीट जमतात, पण २ वॅटच्या रेझिस्टरची जाड तार पाव वॅटच्या भोकात जात नाही.

चिपचं पूर्ण नाव हिशेबाच्या तक्त्यात अक्षरासकट लिहा. ‘टी’ प्रकारात पाठीला धातूचा पत्रा असतो आणि तो आतून उणे रेलला जोडलेला असतो. त्याला अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशिंग लागतेच. ‘टीएफ’ मध्ये पाठही प्लॅस्टिकची, अभ्रकाची गरज नाही, पण उष्णता थोडी सावकाश बाहेर पडते. निम्म्यांना टी आणि निम्म्यांना टीएफ गेली, आणि जोडणीची सूचना मात्र एकच, की कुणीतरी टी चिप तशीच हीटसिंकला कसतो. डब्याला अर्थिंग केलेलं असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर डबाच उणे ३० व्होल्टवर बसतो. चिप कंपनीच्या अधिकृत वितरकाकडूनच घ्या. ही चिप नॅशनल सेमिकंडक्टरची; २०११ पासून ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे आहे. निम्म्या भावात मिळणाऱ्या चिपांवर नुसतं नाव घासून पुन्हा छापलेलं असतं. बारा व्होल्टवर त्या गातात, तीसवर जातात. मागणीपेक्षा दहा टक्के जास्त मागवा, कुणाची ना कुणाची उडणारच.

कंडेन्सर ५० व्होल्टचेच लावा. “रेल तर ३० व्होल्टची, ३५ चा चालेल की!” हे गणित दिवसा बरोबर, रात्री चूक. मेन्स (घरातला वीजपुरवठा) २५० वर चढला आणि अ‍ॅम्प नुसता चालू ठेवलेला असला, तर तोच २२-०-२२ चा ट्रान्सफॉर्मर रेलला ३५ च्या पुढे नेतो. पॉवर सप्लायला दर रेलला १०,००० मायक्रोफॅरड, त्याच्यावर आडवा २.२ किलोओहम १ वॅटचा रेझिस्टर, म्हणजे बंद केल्यावर कंडेन्सर आपोआप रिकामे होतात. बोर्डवर मात्र ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक चिपच्या पायांना अगदी चिकटून हवा. तो दोन इंच लांब राहिला की चिप कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच थरथरू लागते. लक्षण एकच: गाणं बंद, तरी हीटसिंक गरम.

फीडबॅकला (आउटपुटचा काही भाग परत इनपुटकडे नेणाऱ्या जोडणीला) २० किलोओहम आणि १ किलोओहम, म्हणजे गेन २१, सिग्नल २१ पट मोठा. दहाच्या खाली आणू नका, तिथे ही चिप स्थिर राहत नाही. १ किलोओहमच्या खाली ग्राउंडकडे जाणारा ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काही जण ‘आवाज मोकळा होतो’ म्हणून काढून जम्पर टाकतात. मग इनपुटवरचा काही मिलिव्होल्टचा फरक २१ पट होऊन स्पीकरच्या कॉइलवर बसतो. मोकळेपणा कुणाला ऐकू येतो कोण जाणे. कंडेन्सर राहू द्यावा.

म्यूटचा (आवाज बंद-चालू करणारा) पाय क्रमांक ८. इथून उणे रेलकडे निदान अर्धा मिलिअँपिअर वाहिला तरच चिप बोलते. ३० व्होल्टला २२ किलोओहम घातला की सव्वा मिलिअँपिअर मिळतो. ४७ किलोओहम ३० वर कसाबसा चालतो, पण १२-०-१२ च्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर तपासायला घेतलं की बोर्ड मुका. अशा वेळी चिप बदलत बसू नका. त्या रेझिस्टरच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा आणि करंट काढा.

चाचणीसाठी सिरीज बोर्ड लागतोच: मेन्सच्या फेजमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब मालिकेत. एलईडी बल्ब इथे काही कामाचा नाही. आधी नुसता पॉवर सप्लाय चालू करा. बल्ब क्षणभर पेटून विझत आला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर ब्रिज (रेक्टिफायरचे चार डायोड) उलटा आहे, कंडेन्सर उलटा आहे, किंवा टोरॉइडच्या मधल्या बोल्टची दोन्ही टोकं डब्याला टेकली आहेत. हा बोल्ट लोकांना माहीतच नसतो: दोन्ही टोकं पत्र्याला लागली की बोल्ट आणि डबा मिळून एका वेढ्याचं शॉर्ट वाइंडिंग तयार होतं.

सप्लाय ठीक असेल तर बंद करा, कंडेन्सर रिकामे झाल्याची खात्री मीटरने करा आणि एकच बोर्ड जोडा, तोही दोन्ही रेलमध्ये १०-१० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर घालून. चिप हीटसिंकवर, इनपुट शॉर्ट, स्पीकर नाही. प्रत्येक रेझिस्टरवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसलं म्हणजे चिप ५० मिलिअँपिअर घेते आहे. ०.८५ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त, किंवा आकडा हलत राहिला, तर ती थरथर आहे किंवा सोल्डरचा पूल. काही चुकलं असेल तर हा दोन रुपयांचा रेझिस्टर धूर सोडून मरतो, चिप बहुधा वाचते.

मग आउटपुटवर डीसी. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० पर्यंत चालवून घ्या. पूर्ण रेलचा व्होल्टेज दिसला तर फीडबॅकचा रेझिस्टर तुटलेला किंवा त्याचा सांधा कोरडा.

हे सगळे आकडे प्रत्येकाने एकाच तक्त्यात भरावेत, आणि वर्गणीचा खरा फायदा इथे आहे. पैसे वाचतात ते कुरियर आणि कस्टममध्येच परत जातात. चोवीस जणांचं आठव्या पायाच्या रेझिस्टरवर २७ व्होल्ट आणि एकाचं शून्य, की फोटो न बघताही बोट कुठे ठेवायचं ते कळतं.

आता १० ओहमचे रेझिस्टर आणि बल्ब दोन्ही काढा, प्रायमरीत २ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज ठेवा. डमी लोडसाठी (स्पीकरऐवजी लावायच्या रेझिस्टरसाठी) ८.२ ओहम २५ वॅटचे चार वायरवाउंड घ्या, दोन-दोन मालिकेत आणि त्या जोड्या समांतर: ८.२ ओहम, १०० वॅट. फोनवरून २०० हर्ट्झचा टोन द्या. १ किलोहर्ट्झ नको, कारण स्वस्त मल्टिमीटर एसी ४०० हर्ट्झपर्यंतच धड मोजतात. इनपुटला १०० मिलिव्होल्ट असताना आउटपुटला २.१ व्होल्ट यायला हवेत. २.८३ व्होल्टवर १ वॅट, १७.४ वर ३७. सोळा-सतरा व्होल्टवर पाच मिनिटं ठेवा. रेझिस्टर फरशीवर ठेवा, टेबलाचा सनमायका जळतो. हीटसिंकला हात लावून तीन सेकंदही धरवत नसेल तर तो लहान आहे. दोन्ही टी चिपना मिळून १.३ अंश प्रति वॅट (दर वॅटमागे हीटसिंक किती अंश तापतो ते) किंवा त्याहून कमीचा हवा, टीएफ असतील तर १ च्या खाली. हे विदर्भातला मे महिना धरून.

पहिला स्पीकर जुन्या टेपरेकॉर्डरचा असू द्या. घूं आवाज आला तर फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये त्याची वारंवारता बघा. ५० हर्ट्झ असेल तर ग्राउंडचं वेटोळं (ग्राउंडच्या दोन वाटा मिळून झालेलं बंद वर्तुळ), किंवा इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली. टोरॉइड थोडा फिरवून फरक पडतो का पाहा. १०० हर्ट्झची कर्कश भुणभुण असेल तर ब्रिजकडून कंडेन्सरकडे जाणारा चार्जिंगचा करंट आणि इनपुटचं ग्राउंड एकाच तारेतून जात आहेत. इनपुटचं ग्राउंड तिथून सोडवून दोन कंडेन्सरच्या मधल्या सांध्यापासून पुढे काढलेल्या एका वेगळ्या बिंदूला न्या. आरसीए सॉकेट डब्यापासून प्लॅस्टिकच्या वॉशरने अलग ठेवा, आणि मेन्सचं अर्थिंग मात्र डब्याला स्क्रूने, रंग खरवडून, घट्ट.