तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी त्याच गावाला काय जाता?

पुण्याला गेलं की हा प्रश्न ठरलेला. काकू विचारतात, नवऱ्याचे शाळेतले मित्र विचारतात, मागच्या वेळी तर सोसायटीच्या जिन्यात शेजारच्या काकांनी थांबवून विचारलं: "युरोपात राहता ना? मग किती देश झाले बघून?" आम्ही खरा आकडा सांगतो. नऊ. समोरच्याला तो कमी वाटतो. काकूंनी तर सरळच म्हटलं, "अगं, एवढ्या वर्षांत नऊच? आणि ते मुखवट्यांचं गाव दर फेब्रुवारीत तुझ्या फोटोत असतंच. पुन्हा पुन्हा तिथेच काय जाता?"

काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आम्ही 2017 च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो. सुरुवातीला आम्हीही मोजतच होतो. शुक्रवारी रात्री ऑफिसातून थेट बसस्टँडवर, रात्रभर बस, शनिवारी प्राग, पुढच्या खेपेला व्हिएन्ना, मग आणखी कुठे. रविवारी रात्री परत. त्या सहलींचे शेकड्यांनी फोटो आहेत, पण व्हिएन्नात आम्ही काय खाल्लं, कुठल्या गल्लीत उतरलो होतो, ते आज दोघांपैकी एकालाही आठवत नाही.

मग पहिला नाताळ आला. त्या वर्षी 24 डिसेंबरला रविवार होता. रविवारी इथे दुकानं बंदच असतात, आणि 25 आणि 26 या दोन्ही दिवशी सुट्टी. म्हणजे शनिवारी संध्याकाळी बंद झालेली दुकानं उघडणार थेट बुधवारी. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. घरात तांदूळ होते, मूगडाळ होती, दोन बटाटे होते. रविवारी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी खिडकीशी उभी राहून रडले, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

संध्याकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजी. हातात पत्र्याचा गोल डबा, झाकणावर बर्फातल्या घराचं चित्र, कडेचा रंग थोडा उडालेला. आत पाच-सहा तऱ्हेची बिस्किटं. इथल्या श्वाबी बोलीत त्यांना गुट्सले म्हणतात. आजी तोंडभर हसल्या, दोन वाक्यं बोलल्या, त्यातलं मला एक कळलं: डबा सावकाश द्या.

आता डबा रिकामा कसा परत करायचा? तीन आठवड्यांवर संक्रांत होती. तिळाचे लाडू भरून तो खाली गेला. डिसेंबरात गुट्सले घेऊन वर आला, आणि त्या वेळेपासून आजतागायत तो वर-खाली करतोच आहे. दिवाळीला चकल्या-शंकरपाळे, नाताळात त्यांची बिस्किटं.

तिसऱ्या वर्षी आजींनी मला श्प्रिंगरले करायला बोलावलं. अंडी आणि पिठीसाखर खूप वेळ फेसायची, मैदा घालायचा, पोळी जाडसर लाटायची आणि लाकडी साच्याने त्यावर ठसा उठवायचा. साचा त्यांच्या आजीचा, पेअरच्या लाकडाचा, त्यात कोरलेलं हरीण. ट्रेवर बडीशेपेसारख्या वासाचे ऍनिसचे दाणे पसरायचे आणि वर ही बिस्किटं ठेवून द्यायची. रात्रभर वाळली की दुसऱ्या दिवशी मंद आचेवर भाजायची. वरचा ठसा पांढराशुभ्र राहतो आणि खालून पीठ फुगून कड उभी राहते. त्याला म्हणतात 'पाय फुटले'. पाय फुटले नाहीत तर श्प्रिंगरले फसलं. ओव्हनच्या काचेला नाक लावून आजी बघत होत्या, आणि मला माझी आई दिसत होती, कढईतल्या अनारशाला जाळी पडते का ते श्वास रोखून बघणारी.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, हे मला नीट कळायला तीन वर्षं लागली." पहिल्या वर्षी ते बिस्किट होतं, दुसऱ्या वर्षी ओळखीची चव झाली आणि तिसऱ्या वर्षी माझ्या हाताला त्याचं पीठ लागलं. सणही असेच अंगवळणी पडतात, फिरून फिरून त्याच दिवशी, त्याच जागी गेल्यावर. आमची भटकंती मग हळूहळू पंचांगासारखी होत गेली.

आता मुखवट्यांचं गाव. ते रॉटवाइल, श्टुटगार्टहून रेल्वेने दीडेक तास. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने 2018 मध्ये सांगितलं की आमच्या भागात फास्नेट असतो, एकदा बघाच. ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे दिवस लागण्यापूर्वी काही दिवस मनसोक्त धुडगूस घालायचा, तो हा सण. बहुतेक वर्षी तो आपल्या होळीच्या दोनेक आठवडे आधी येतो. आम्ही रविवारी जाऊन मुक्काम केला, सोमवारची रजा टाकली.

सोमवारी सकाळी साडेसातला काळ्या वेशीपाशी उभे राहिलो. श्वार्त्सेस टोर, म्हणजे शब्दशः काळी वेसच, तेराव्या शतकातली. अंधार नुकता विरळ होत होता, थंडी हाडात शिरत होती, आणि एवढी गर्दी असून सगळे हळू आवाजात बोलत होते. आठचे ठोके पडले. बँडने गावाचा ठरलेला ताल धरला आणि वेशीच्या कमानीतून ते उड्या मारत बाहेर पडायला लागले. आधी कानावर आल्या घंटा. ग्शेल नावाचं सोंग असतं, शांत चेहऱ्याचा लाकडी मुखवटा, अंगावर रंगवलेले पांढरे कपडे आणि खांद्यावरून आडवे सोडलेले घंटांचे जड पट्टे. प्रत्येक उडीला सगळ्या घंटा एकदम वाजतात. मागून फेडरहान्नेस आला, सुळेवाला, अंगभर पिसं लावलेला, लांब काठी टेकवून उंच झेपावणारा.

मी गुहागर तालुक्यातली. आमच्याकडे शिमग्यात संकासूर येतो, काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं. लहानपणी घुंगरांचा आवाज वाडीच्या खालच्या अंगाला आला की मी आजीच्या पदरात शिरायची. रॉटवाइलच्या त्या चढावर घंटा ऐकल्या आणि पस्तिशीच्या बाईच्या पोटात तोच गोळा आला. शिमग्याला आणि गणपतीला कोकणातला चाकरमानी गावी जातोच. मार्चमधली सुट्टी आणि तिकिटाचे पैसे जमेनात, म्हणून माझे शिमगे सुटले होते. त्या सकाळी एक परत मिळाला.

आणखी एक. तिथली सोंगं गर्दीत शिरतात, हातात वही असते, आणि ओळखीच्या माणसाला गाठून त्याने वर्षभरात केलेला गाढवपणा सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. ज्याचं वाचलं जातं त्याने राग मानायचा नाही. आपल्याकडे होळीभोवती ज्याच्या नावाने बोंब ठोकली जाते, त्यालाही हाच नियम. पहिल्या दोन वर्षी मला त्यांची बोली कळत नव्हती. आता निम्मीअधिक कळते, आणि कुणाची कशी जिरली हे समजल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर हसता येतं. काकू, हे एका फेरीत मिळालं नसतं. 2021 साली कोरोनामुळे मिरवणूक झालीच नाही, तेव्हा त्या सोमवारी आठ वाजता आम्हाला घरात करमेना.

पाडव्याला गुढी बाल्कनीत उभी राहते आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी किंवा रविवारी आम्ही ब्लाउबॉयरेनला जातो, तिथला झऱ्याचा डोह बघायला. वीसेक मीटर खोल आणि इतका निळा की रंग कालवल्यासारखा वाटतो. 2025 चा पाडवा तर 30 मार्चला, नेमका रविवारी आला, आणि त्याच पहाटे इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली. सूर्य उगवल्यावर गुढी उभारायची म्हणून आम्ही लवकर उठलो, तर तास आधीच गेलेला.

दसऱ्याच्या सुमारास श्टुटगार्टच्याच कानश्टाट भागात जत्रा-मेळा असतो. 1816 साली थंडीपावसाने पिकं बुडाली, लोक उपाशी मेले. तांबोरा ज्वालामुखीची राख त्याला कारण होती. त्यातून सावरल्यावर इथल्या राजाने 1818 मध्ये शेतीचा उत्सव म्हणून ही जत्रा सुरू केली. फळं-धान्यांनी सजवलेला 26 मीटर उंच खांब आजही मधोमध उभा करतात. आम्ही त्याखाली जाऊन एकमेकांना सोनं देतो. आपटा इथे नाही, पण बागेतल्या गिंकोचं पानही आपट्यासारखंच दोन पाकळ्यांचं असतं.

दिवाळीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. 2024 चं लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं. इथे तो सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टी, गाणंबजावणं नसलेली शांत सुट्टी. लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला जातात. आजींचे यजमान वाल्डफ्रीडहोफमध्ये आहेत, डोंगरावरच्या जंगलातल्या दफनभूमीत. आजींना एकटीने जाणं जड जात होतं, त्यांनी विचारलं, याल का बरोबर?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी स्मशानात कसं जायचं, म्हणून मी आईला फोन केला. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, धनत्रयोदशीला यमाला दिवा लावतोच ना आपण? आकाशकंदीलही पितरांना वाट दिसावी म्हणूनच टांगतात. जा तू. आल्यावर आंघोळ कर आणि पूजेला बस."

डोंगरावर जायला 1929 सालची दोराची गाडी आहे, सागवानी डब्यांची. वर ओल्या पानांचा वास आणि झाडांखाली शेकडो लाल दिवे मिणमिणत होते. नाशिक-पुण्याच्या माणसाला पाठ असलेलं एक नाव तिथे आहे, बॉश कंपनीचे संस्थापक रॉबर्ट बॉश. त्यांच्या थडग्यापाशी नवरा हात जोडून उभा राहिला. आजींनी त्यांचा काचेचा दिवा ठेवला. मी पिशवीतून पुण्याची मातीची पणती काढली, तेल घातलं, वात लावली. वाऱ्याने दोनदा विझली. तिसऱ्यांदा आजींनी स्वतः ओंजळ धरली.

संध्याकाळी आजी पूजेला वर आल्या. फटाके नव्हतेच, इथे ते फक्त वर्षअखेरीला विकतात. डबा त्यांच्या हातात होता, त्या वर्षी रिकामा. म्हणाल्या, "या खेपेला मी इथेच बसून भरून घेणार आहे."

पैशांचंही विचारता म्हणून सांगते. प्रादेशिक गाड्यांचा देशभर चालणारा महिन्याचा पास मे 2023 मध्ये सुरू झाला तेव्हा 49 युरोला होता, 2025 मध्ये 58 झाला. जलद गाड्यांना तो चालत नाही, पण रॉटवाइल, ब्लाउबॉयरेन सगळं त्यात बसतं. नवीन जागाही बघतो आम्ही, उन्हाळ्यात एक मोठी सहल असतेच. पण वर्षाचा कणा हाच.

काकू, तुम्ही येणार म्हणताय तर मे-जून सोडा, फेब्रुवारीत या. पॅरिस मी तुम्हाला दाखवीन, शब्द देते. पण रविवारी रात्री रॉटवाइलला मुक्काम करू. पायात दोन जोड मोजे, कानटोपी आणि थर्मासात चहा. साडेसाताच्या आत वेशीपाशी पोचायला हवं, नाहीतर पुढे उभं राहायला जागा मिळत नाही. आणि येताना चकलीची भाजणी आणा, आजींना ती फार आवडते.