पूर सुतारवाड्यात, ताप राजारामपुरीत

ऑगस्ट २०१९, कोल्हापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद. माझी मावसबहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, सुतारवाड्यातली. नेसत्या कपड्यांवर, दोन नातवंडं आणि एक गठुडं घेऊन ती आमच्याकडं राजारामपुरीत आली. आमची गल्ली चढाला, पुराचं पाणी तिथं कधी पोचत नाही. मला मनातून जरा त्याचा तोराही होता.

दुसऱ्या दिवशी नळ आलाच नाही. शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं नदीकाठाला, ती पाण्यात बुडालेली. पंप बंद म्हटल्यावर शहराला पाणी कुठनं येणार? अक्का कपाळावर हात मारून म्हणाली, "माझ्यात पाणी आलंय म्हणून तुझ्यात आले, तर तुझ्यात पाणीच न्हाई!"

मग टँकर. कोपऱ्यावर हॉर्न वाजला की बायका कळशा घेऊन पळायच्या. हंडे, बादल्या, मोदकपात्रसुद्धा भरून ठेवलं मी. जिन्याखाली एक जुना निळा बॅरेल होता, रंगाचा. तोही धुऊन भरला. झाकण कधीच हरवलेलं, वर एक पत्रा टाकला अर्धवट. नळ पुन्हा सुरू झाले, पण बॅरेल तसाच राहिला. पुन्हा पाणी गेलं तर?

गणपती २ सप्टेंबरला बसले आणि दोनच दिवसांत सूनबाई तापानं फणफणली. डोळ्यांच्या मागं ठणका, अंग मोडून आलेलं. रक्त तपासलं, डेंग्यू. प्लेटलेट रोज मोजायच्या. मोदक त्या वर्षी शेजारणीनं केले.

मी अक्काकडंच संशयानं बघत होते, खोटं कशाला बोलू. पुरातनं हिनंच काहीतरी आणलं. तिला मात्र काहीच झालं नव्हतं. ती कंबरेएवढ्या पाण्यातनं चालत आली होती, पायाला जखम होती, म्हणून दवाखान्यात तिला लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीनं डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या दिल्या होत्या. उंदराचं मूत पुराच्या पाण्यात मिसळतं आणि चिरलेल्या कातडीतनं आत शिरतं. तो आजार तिच्या गल्लीचा. आमचा वेगळा.

महापालिकेची एक मुलगी तपासणीला आली तेव्हा उलगडा झाला. तिनं पत्रा सरकवून बॅटरी मारली. पाण्याच्या वरच्या थराला बारीक दोऱ्याचे तुकडे तिरके, डोकं खाली करून लोंबत होते. उजेड पडताच वळवळत तळाला गेले. "अळ्या, काकू." आणि मग बॅरेलच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेषेवर बोट फिरवून तिनं काळी बारीक कणी दाखवली. अंडी. नुसतं पाणी ओतलं तर ती तशीच चिकटून राहतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. "ओता आणि आतनं काथ्यानं घासा."

डेंग्यूचा हा डास गटारीत नाही, असल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो आणि तो फार लांब उडतही नाही, शे-दोनशे मीटर फिरला तरी पुष्कळ. म्हणजे नदीवरनं आमच्याकडं कोण उडत आलं नव्हतं. आमचा डास आमच्याच जिन्याखाली जन्मला होता. ताप आलेल्या कुणाचं तरी रक्त पिऊन त्यानं विषाणू उचलला. कुणाचं, ते शोधत बसण्यात अर्थ नव्हता. मी मनातल्या मनात हिशेब घातला: टँकर कधी आला, बॅरेल कधी भरला, ताप कधी चढला. दिवस बरोबर जुळत होते.

नदीच्या खालच्या अंगाला इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती, तिथं पिण्याच्या पाण्यातनंच रोग पसरला. नदी एकच. पण कोणाच्या वाट्याला काय येणार, ते घर कुठं आहे आणि पाणी कुठल्या वाटेनं येतं यावर.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, पुन्हा नळ गेले. अक्का रिक्षातनं उतरली. या वेळी गठुड्यात सगळ्यात वर एक जुनं लुगडं. "बॅरेलच्या तोंडाला बांधायला," म्हणाली, आणि चहा न पिताच जिन्याखाली वाकली.