ऑक्टोबरात दिलेला नारळ

सोमवार, रात्री

आज बर्मिंगहॅम सिटी या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा 2023-24 चा गुणतक्ता महिन्यांनुसार तोडून पाहिला. पहिले 11 सामने मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, जॉन युस्टेसचे, 18 गुण, दुसऱ्या श्रेणीत सहावा क्रमांक. पुढचे 15 वेन रूनीचे, 10 गुण. उरलेल्या 20 सामन्यांत तीन-चार हात बदलले आणि मिळाले 22 गुण. एकूण 50. प्लिमथचे 51 झाले, ते वाचले. बर्मिंगहॅम तिसऱ्या श्रेणीत गेलं, म्हणजे लीग वनमध्ये. एका गुणाने.

रूनी वाईट मॅनेजर होता की नव्हता, यावर लोक अजून भांडतात. मला तो वाद बिनकामाचा वाटतो. पाहायचं ते कॅलेंडर. नाइटहेड या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने जुलै 2023 च्या मध्यावर क्लबमधला 45 टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा आणि सेंट अँड्र्यूज मैदान घेतलं. त्या घडीला मॅनेजर बदलला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं, कारण सरावाचे आठवडे हातात होते आणि ट्रान्सफर विंडो (खेळाडू घ्यायची-विकायची ठरावीक मुदत) 1 सप्टेंबरपर्यंत उघडी होती. पण तेव्हा युस्टेसला ठेवलं, त्याच्या पद्धतीला जुळणारे खेळाडू घेतले, विंडो बंद होऊ दिली आणि 9 ऑक्टोबरला, लागोपाठ दोन सामने जिंकल्यावर (हडर्सफील्डला 4-1, वेस्ट ब्रॉमला 3-1), त्याला नारळ दिला. दोन दिवसांनी रूनी आला, साडेतीन वर्षांच्या करारावर. बिनधास्त, आक्रमक फुटबॉल हवं म्हणून.

आता रूनीच्या हातात काय होतं ते बघा. संघ दुसऱ्याने बांधलेला, मागे दबा धरून बसायचं आणि चेंडू मिळाला की पळत सुटायचं, या सवयीचा. विंडो बंद. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुट्टीतले काही दिवस गेलेले. त्यानंतर शनिवार-मंगळवारचा रहाटगाडा: शनिवारी सामना, रविवारी खेळाडूंना विश्रांती, सोमवारी हलका सराव, मंगळवारी पुन्हा सामना. 46 सामन्यांच्या लीगमध्ये अशा आठवड्यात नवी पद्धत शिकवायला धड एक पूर्ण दिवस मिळत नाही. बचावफळीला पुढे सरकून उभं राहायला सांगायचं, तर गोलकीपरने किती पुढे यायचं, दोन्ही सेंटर बॅक म्हणजे मधल्या बचावपटूंमधलं अंतर किती, चेंडू गेला की आधी कुणी धावायचं, हे सगळं पुन्हा घोटून घ्यावं लागतं. अर्धवट घोटलेलं नवं हे पूर्ण मुरलेल्या जुन्यापेक्षा वाईट ठरतं, कारण निम्मा संघ पुढे सरकतो आणि निम्मा जुन्या सवयीने मागे राहतो. मधल्या मोकळ्या जागेतून गोल होतात.

त्याला काढलं 2 जानेवारीला. हिवाळी विंडो उघडली 1 जानेवारीला. म्हणजे 15 सामने त्याने दुसऱ्याच्या खेळाडूंवर काढले, आणि स्वतःचा खेळाडू घ्यायची वेळ आली त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी गेला. या एका तारखेसाठी तरी मला त्याची दया येते.

मंगळवार

याच क्लबने हे आधीही करून पाहिलेलं आहे, ही खरी गंमत. ऑक्टोबर 2016 मध्ये ट्रिलियन ट्रॉफी एशिया ही कंपनी मालक झाली. 14 डिसेंबरला गॅरी राउएटला काढलं. संघ सातवा होता आणि सहाव्याशी गुण बरोबरीत, फरक फक्त गोलांचा. जागी जियानफ्रँको झोला. 24 सामन्यांत 2 विजय. एप्रिलच्या मध्यावर घरच्या मैदानावर बर्टनकडून हरल्यावर तो स्वतःच राजीनामा देऊन गेला, शेवटचे तीन सामने बाकी असताना. हॅरी रेडनॅपने त्यातले दोन जिंकून क्लब वाचवला.

झोलाला जानेवारीची विंडो मिळाली होती, तरी व्हायचं ते झालंच. त्यामुळे फक्त खेळाडू-खरेदीवर खापर फोडून चालणार नाही. हंगामाच्या मध्यावर चांगल्या चाललेल्या संघाचा मॅनेजर गेला की खेळाडू त्यातून एकच अर्थ काढतात: इथे निकालाला किंमत नाही. मग ज्याचा करार जूनमध्ये संपतोय तो आपल्या एजंटला फोन करतो.

2024 च्या मार्चमध्ये उरलेल्या आठ सामन्यांसाठी बर्मिंगहॅमने ज्याला तात्पुरता मॅनेजर म्हणून बोलावलं, तो हाच राउएट.

बुधवार

मालक बदलताना मॅनेजरच्या कराराचं नेमकं काय होतं, हे एकदा नीट लिहून ठेवतो. दर वेळी कुणीतरी विचारतं, "नवा मालक आला म्हणजे जुने करार रद्द ना?"

नाही. बहुतेक व्यवहारांत शेअर विकले जातात. मॅनेजरचा करार मालकाशी नसतो, क्लबच्या कंपनीशी असतो. कंपनी तीच राहते, वरचा धनी तेवढा बदलतो. भाडेकरूसकट घर घेतल्यासारखंच ते. क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला आणि फक्त मालमत्ता विकली, तरीही ब्रिटनच्या कायद्यानुसार चालू नोकऱ्या नव्या कंपनीकडे जातात. पाटी कोरी कधीच मिळत नाही.

त्याआधीची पायरी म्हणजे मालक-संचालक चाचणी. प्रीमियर लीग या पहिल्या श्रेणीखालच्या तीन श्रेणी चालवणारी ईएफएल ही संस्था नव्या माणसाची पार्श्वभूमी, पैसा आला कुठून, आणि पुढचा खर्च कसा भागवणार याचे आकडे तपासत आली आहे. हे आठवडे चालतं, कधी महिने. या काळात मॅनेजरची अवस्था सगळ्यात बिकट. जाणारा मालक खिशात हात घालत नाही, येणाऱ्याला सही करायचा अधिकार नाही. सोडून जाणाऱ्या खेळाडूच्या जागी दुसरा आणायचा तर "व्यवहार होऊ दे" एवढंच उत्तर मिळतं. निकाल घसरतात ते इथे, आणि बिल फाडलं जातं मॅनेजरच्या नावावर.

काढायचं ठरलं की करारातलं एक कलम बघायचं: मुदतीआधी संपवल्यास किती द्यायचे. प्रकार ढोबळमानाने दोन. एक, ठरलेली रक्कम, समजा अमुक महिन्यांचा पगार. दोन, उरलेल्या मुदतीचा पूर्ण मूळ पगार. काही करारांत पैसे दरमहा द्यायचे आणि त्याला दुसरीकडे नोकरी लागली की थांबवायचे, अशीही सोय असते. सहाय्यकांचे करार वेगळे असतात, त्यांचा हिशेब वेगळा. एकटा मॅनेजर गेला असं जवळजवळ कधी होत नाही. सहाय्यक, गोलकीपर-प्रशिक्षक, विश्लेषक असे आणखी दोन-चार जण त्याच आठवड्यात बाहेर पडतात. जाहीर निवेदनात "परस्पर संमतीने" असं वाचलं की समजायचं, आकड्यावर तडजोड झालेली आहे.

हे कलम किती महागात पडतं, त्याचं उदाहरण आपल्या पुण्याच्या मालकांचंच. व्हेन्कीजने नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स 2.3 कोटी पौंडांना घेतलं, वर कर्जाचा बोजा. महिना व्हायच्या आत, 13 डिसेंबरला, सॅम ॲलर्डाइसला काढलं. तेव्हा संघ प्रीमियर लीगमध्ये तेरावा होता. 2012 मध्ये क्लब खालच्या श्रेणीत आला, आणि त्या ऑक्टोबरअखेर हेनिंग बर्गला तीन वर्षांच्या करारावर आणलं. तो टिकला 57 दिवस. 10 सामने, 1 विजय.

त्याच्या करारातलं कलम दुसऱ्या प्रकारचं होतं, उरलेल्या मुदतीचा पूर्ण मूळ पगार. रक्कम झाली 22.5 लाख पौंड. देणं लागतो हे क्लबने आधी मान्य केलं होतं. नंतर ती कबुली मागे घ्यायला उच्च न्यायालयात गेले. युक्तिवाद असा, की हे कलम म्हणजे दंड आहे आणि दंडाचं कलम कायद्यात टिकत नाही. न्यायालयाने 2013 मध्ये ते मानलं नाही. दंडाचा प्रश्न करारभंग झाला तर येतो. इथे क्लबने करार मोडलाच नव्हता. पैसे देऊन कधीही संपवायचा हक्क करारानेच दिला होता, क्लबने तो वापरला, तेव्हा पैसे द्या. एकाच विजयासाठी, पगार सोडून, 22.5 लाख पौंड.

करार लिहिताना हे कलम बदलून घ्यायला किती वेळ लागतो? वकिलाचं एक दुपारचं काम. बर्गपाठोपाठ आलेला मायकेल ॲपलटनही 67 दिवसांत गेला.

शुक्रवार

नीट केलेलं एक उदाहरण: रेक्सहॅम. पाचवी श्रेणी, क्लब 2011 पासून चाहत्यांच्या ट्रस्टकडे. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या दोन अभिनेत्यांचा व्यवहार फेब्रुवारी 2021 मध्ये पुरा झाला, म्हणजे हंगाम चालू असताना. डीन कीट्स मॅनेजर होता. त्याला काढलं नाही. संघ आठवा आला, शेवटच्या दिवशी डॅगनमशी बरोबरी झाल्याने प्ले-ऑफ (वरच्या श्रेणीत जाण्यासाठीची बाद फेरी) हुकलं. मग कीट्सचा संपत आलेला करार पुढे वाढवला नाही, इतकंच. भरपाईचा प्रश्न मिटला. 1 जुलैला फिल पार्किन्सन आला, तेव्हा विंडो उघडी होती आणि हंगाम ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू व्हायचा होता. एवढं करूनही वर जायला दोन हंगाम लागले. पहिल्या वर्षी प्ले-ऑफच्या उपांत्य सामन्यात ग्रिम्सबीकडून 4-5 हरले, दुसऱ्या वर्षी 111 गुण घेऊन पहिले आले. पैसा होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण पैसा बर्मिंगहॅमकडेही होता.

बर्मिंगहॅमने पुढे तेच केलं. जून 2024 मध्ये ख्रिस डेव्हिसला आणलं, अख्खा उन्हाळा दिला, आणि लीग वन 111 गुण घेऊनच जिंकली.

युस्टेसचं उरलेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्लॅकबर्नने त्याला घेतलं. 4 मेला, शेवटच्या दिवशी, त्याच्या संघाने विजेत्या लेस्टरला त्यांच्याच मैदानात 2-0 हरवून जागा राखली. त्याच दुपारी बर्मिंगहॅम नॉर्विचला हरवूनही खाली गेलं. पुढच्या हंगामात त्याने ब्लॅकबर्नला पाचव्या क्रमांकापर्यंत नेलं, आणि 2025 च्या फेब्रुवारीत तळाशी झगडणाऱ्या डर्बीने भरपाई भरून त्याला उचललं. या खेपेला सोडून जाणारा तो होता, पण महिना तितकाच अडचणीचा, कारण हिवाळी विंडो नुकतीच बंद झाली होती. डर्बी वाचलं. ब्लॅकबर्न सातवं आलं, प्ले-ऑफपासून दोन गुण लांब.