खाटेला बांधलेली कात्री

जबड्याचं ऑपरेशन झालेला पेशंट वॉर्डात आला की मी आधी खाटेच्या दांडीला गॉजने कात्री बांधते. वरचे-खालचे दात रबरांनी आवळलेले असतात. उलटी झाली, श्वास कोंडला, तर रबरं लगेच कापता आली पाहिजेत.

ती २३ वर्षांची, निफाडकडची. खालचा जबडा पुढे आलेला, पुढचे दात एकमेकांना टेकायचेच नाहीत, भाकरीचा तुकडा दाढेनेच तोडायची. दीड वर्ष तारा लावल्यावर दोन्ही जबडे कापून टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी नव्या जागी बसवले होते. सगळं तोंडाच्या आतून. एवढं तिला ठाऊक होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा सगळ्यात जास्त सुजतो, हे मात्र कोणी समजावलंच नव्हतं.

दुसऱ्या रात्री दोनला बेल वाजली. तिने मोबाइलमध्ये स्वतःला पाहिलं होतं. डोळ्यांच्या फटी झालेल्या, ओठ उलटलेले, नाक रक्ताच्या खपल्यांनी चोंदलेलं. धाप लागली होती. आई रडत होती, "सिस्टर, पोरीचा जीव गुदमरतोय हो!"

ऑक्सिजन ९८ होता. डॉक्टरांना फोन लावला, डोकं आणखी उंच केलं, नाकात सलाइनचे थेंब टाकले. मग तिचा हात कात्रीवर नेऊन ठेवला. "ही इथेच आहे आणि मीही इथेच आहे. दातांच्या फटीतून हळू श्वास घे बाळा." कात्रीची मूठ घट्ट धरून ती पाऊण तास तशीच बसली. मग डोळा लागला.

सकाळी नळी लावलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने गाळलेली पेज दिली. हनुवटीवरून ओघळ आला, तिला पत्ताच नाही. वहीत लिहिलं, 'इथे काहीच कळत नाही.' खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस दुखावते, म्हणून असं होतं. बहुतेकांना काही महिन्यांत जाणीव परत येते, काहींचा थोडा भाग बधिरच राहतो. मी तेही लपवलं नाही.

आई म्हणाली, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटजवळ बसतेच. सूज, बधिरपणा, दीडेक महिना चावायचं नाही, वजन उतरेल, रडू येईल. आणि कात्री आधीच दाखवते.

सहा महिन्यांनी ती तपासणीला आली. भाकरी आता पुढच्या दातांनी तुटते म्हणाली. मग ओठाखाली बोट फिरवत, "डावीकडे मुंग्या यायला लागल्यात, सिस्टर. उजवी बाजू अजून झोपलेलीच आहे."